हृदयाचा हार्मोन, अमेरिकेतला वंश अन् आपल्या गावातला रिपोर्ट

एनटी-प्रोबीएनपी नावाची, हृदयाच्या हार्मोनवरची रक्ततपासणी आता तालुक्याच्या गावातही व्हायला लागली. पाय सुजले, दोन पायऱ्या चढल्या की दम लागून राहिला, रात्री आडवं पडलं की श्वास कोंडतो अन् उठून बसावं लागतं, अशा पेशंटला डॉक्टर ही तपासणी लिहून देतात. मी लॅब चालवतो म्हणून हा आकडा हातात घेतलेली माणसं नेहमी पाहतो, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "नॉर्मल आहे ना जी?" हो किंवा नाही म्हणणं सोपं आहे, पण ती जी नॉर्मल रेंज बाजूला छापून असते ती कोणाच्या अंगावरून ठरली हे कोणीच विचारत नाही, अन् मला वाटतं विचारायला पायजे. कारण ह्या हार्मोनचं प्रमाण माणसामाणसात लय वेगळं असतं, अमेरिकेत तर गोऱ्या अन् कृष्णवर्णीय लोकांच्या आकड्यांत चांगलाच फरक सापडला, मंग तिथल्या डॉक्टर लोकांत मोठी चर्चा सुरू झाली की हृदयरोगाचा धोका वंशावर ठरतो का. ती चर्चा आपल्याही कामाची आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

हृदय फक्त रक्त ढकलते असं जुने डॉक्टरही समजत होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पेशींत बारीक दाणे दिसतात हे १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं होतं, पण ते काय करतात हे कळत नव्हतं. १९८१ साली कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अडोल्फो डी बोल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला, अन् थोड्याच वेळात त्या उंदरांची लघवी कितीतरी पटीनं वाढली, त्यासोबत मीठही बाहेर पडलं अन् बीपी उतरला. म्हणजे हृदय स्वतः हार्मोन बनवते अन् किडनीला निरोप पाठवते! त्या हार्मोनला एएनपी म्हणतात. पुढे १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत तसाच दुसरा हार्मोन सापडला, बीएनपी, नंतर लक्षात आलं की तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतो.

काम कसं चालतं ते पाहा. अंगात पाणी-मीठ जास्त झालं किंवा बीपी वाढला की हृदयाच्या भिंती ताणल्या जातात, त्या ताणानं हे हार्मोन रक्तात सुटतात. किडनीत जाऊन ते सांगतात मीठ सोड, मिठामागे पाणी जातं. रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात. मीठ धरून ठेवणारी जी दुसरी यंत्रणा आपल्या अंगात आहे, रेनिन अन् अल्डोस्टेरॉनची, तिला हे दाबून धरतात. चरबीच्या पेशींनाही चरबी सोडायला लावतात, ही गोष्ट पुढे कामी येणार आहे, ध्यानात ठेवा. थोडक्यात हृदयावरचा भार उतरवायची ही हृदयाचीच सोय आहे, अन् हृदय जितकं त्रासात तितका हा हार्मोन जास्त, म्हणून तर त्याची तपासणी करतात.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हृदयाची पेशी आधी एक मोठा, कच्चा प्रोबीएनपी बनवते, कोरिन अन् फ्युरिन नावाची एन्झाइम त्याला कापतात अन् त्याचे दोन तुकडे होतात, एक बीएनपी, जो खरं काम करतो, अन् दुसरा एनटी-प्रोबीएनपी, ज्याला काम काहीच नाही. जिनिंगमध्ये कापसाची रुई अन् सरकी वेगळी होते ना, तसंच समजा. लॅबमध्ये आपण मोजतो ती सरकी, कारण बीएनपी वीसेक मिनिटांत निम्मा संपून जातो अन् दुसरा तुकडा जास्त वेळ टिकतो. सरकीवरून अंदाज बांधायचा की किती कापूस जिनिंगमधून निघाला. पण सरकी कमी दिसली तर कारणं बरीच असू शकतात. कापूसच कमी आला असेल, जिनिंग मशीन ढिलं असेल, नाहीतर सरकी निघाल्या निघाल्या कोणी उचलून नेली असेल. फक्त आकडा पाहून ह्यातलं कोणतं हे सांगता येत नाही.

तर अमेरिकेत काय सापडलं? तिथं डॅलस हार्ट स्टडी, एरिक, रिगार्ड्स अशा हजारो लोकांना वर्षानुवर्षं पाहणाऱ्या मोठ्या पाहण्या आहेत. त्यांच्यात दिसलं की हृदयरोग नसलेल्या, धडधाकट कृष्णवर्णीय लोकांतही एनटी-प्रोबीएनपी गोऱ्यांपेक्षा बराच कमी असतो. वय, लिंग, वजन, बीपी, किडनी ह्या सगळ्याचा हिशेब लावून पाह्यला तरी फरक उरला. जनुकांवरून ज्यांच्यात आफ्रिकी पूर्वजांचा वाटा जास्त, त्यांच्यात हा आकडा आणखी खाली, असंही दिसलं. मंग काही शास्त्रज्ञांनी म्हटलं की ही हार्मोनची जन्मजात कमतरता असावी, हार्मोन कमी म्हणून मीठ कमी बाहेर पडतं, मीठ अंगात राहतं म्हणून बीपी वाढतो, अन् बीपी वाढला की पुढचं सगळं आलंच, लकवा, किडनी, हार्ट फेल.

ही कल्पना नुसती हवेतली नाही. आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत कोरिनच्या जनुकात असा बदल सापडतो की ते एन्झाइम नीट कापत नाही, म्हणजे जिनिंग मशीनच ढिलं, अन् अशा लोकांत बीपीचं प्रमाण जास्त दिसलं. उलट बाजूनंही पुरावा आहे, एएनपीच्या जनुकाजवळ एक बदल असा आहे की ज्यांच्यात तो असतो त्यांचा एएनपी जन्मापासूनच थोडा जास्त असतो अन् बीपी थोडा कमी, हे २००९ मध्ये छापून आलं. शिवाय जेवणातलं मीठ कमी केल्यावर बीपी कोणाचा किती उतरतो हे २००१ च्या डॅश-सोडियम प्रयोगात पाह्यलं गेलं, तर कृष्णवर्णीय लोकांचा जास्त उतरला. म्हणजे मीठ अन् त्यांचा बीपी ह्यांचं नातं घट्ट आहे.

पण इथंच थांबलं तर मोठी चूक होते, अन् लोकं नेमकी इथंच थांबतात. "त्यांच्या रक्तातच आहे" म्हटलं की विषय संपला. आता हे पाहा. २००५ साली रिचर्ड कूपर अन् सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतले बीपीचे आकडे शेजारी शेजारी मांडले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत ४४ टक्क्यांना हाय बीपी होता, बरोबर, जास्तच आहे. पण नायजेरियात १४ टक्के. अन् जर्मनीत, जिथं बहुतेक सगळे गोरे, तिथं ५५ टक्के. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचे बहुतेक पूर्वज पश्चिम आफ्रिकेतलेच, जनुकं पुष्कळशी तीच, मग नायजेरियात बीपी इतका कमी काहून? कारण जेवण वेगळं, वजन वेगळं, अंगमेहनत वेगळी, अन् रोज कातडीच्या रंगावरून कोणी हिणवत नाही हेही वेगळं. वंशानंच सगळं ठरलं असतं तर हे आकडे असे आले नसते.

दुसरी एक पाहणी मला फार अस्वस्थ करते. कार्डिया नावाची. १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाची ५११५ तरुण पोरं-पोरी घेतली, साधारण निम्मी कृष्णवर्णीय, निम्मी गोरी, अन् वीस वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. पन्नाशीच्या आत २७ जणांना हार्ट फेल्युअर झालं अन् त्यातले २६ कृष्णवर्णीय होते. वाचल्यावर पहिल्यांदा तोच विचार येतो, वंशातच आहे. पण त्या २६ जणांच्या आधीच्या नोंदी उघडल्या तर बऱ्याच जणांचा बीपी दहा-पंधरा वर्षं आधीपासूनच वाढलेला, वजन जास्त, काहींची किडनी बिघडलेली. चाळीशी गाठेपर्यंत त्यांच्यातल्या चारातल्या तिघांना बीपी झाला होता. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या पोराचा बीपी कोणीतरी मोजून त्याला नीट औषध दिलं असतं तर कितीतरी जणांचं पुढचं टळलं असतं. मेसा नावाच्या दुसऱ्या पाहणीतही हार्ट फेल्युअर कृष्णवर्णीय लोकांत सगळ्यात जास्त आलं, पण बीपी अन् शुगरचा हिशेब धरला की फरक बराचसा गळून पडला.

म्हणजे माझं म्हणणं हे की हार्मोनचा फरक खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही, पण तो फरक म्हणजे आजार नाही. आजारापर्यंतच्या वाटेत बीपी आहे, शुगर आहे, तंबाखू आहे, अन् वेळेवर न मिळालेला डॉक्टर आहे. ह्या गोष्टी बदलता येतात, पूर्वज बदलता येत नाहीत.

अन् वंश ही मापाची पट्टीही फार ओबडधोबड आहे. १९७२ मध्येच लेवोंटिन नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की माणसामाणसातल्या जनुकीय फरकातला सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतला असतो. म्हणून अमेरिकेनं किडनी किती काम करते हे काढायच्या फॉर्म्युल्यातून वंशाचा रकाना २०२१ मध्ये काढला, अन् हृदयरोगाचा धोका काढायचं जे नवीन गणित २०२३ मध्ये आलं त्यातही वंश नाही.

आपल्या विदर्भातल्या माणसाला हे समजायला सिकलसेलसारखं दुसरं उदाहरण नाही. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरनं एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाह्यल्या, ती सिकलसेलची पहिली नोंद (ह्याच हेरिकनं १९१२ मध्ये हृदयाची नस गुठळीनं बंद होऊनही माणूस काही काळ जगू शकतो हे मांडलं, आज आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो त्याची समज तिथून पुढे गेली). मग कितीतरी वर्षं अमेरिकेत सिकलसेल म्हणजे कृष्णवर्णीयांचा आजार असंच समजलं गेलं. अन् इकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूरच्या घराघरात तो आहे! कारण त्याचा संबंध कातडीशी नाहीच, मलेरियाशी आहे, जिथं मलेरिया होता तिथं आई-बापांतल्या एकाकडूनच आलेलं सिकलचं जनुक माणसाला मलेरियापासून वाचवायचं, म्हणून टिकलं. आपल्याकडे तर ते आफ्रिकेपेक्षा वेगळ्या ठिकाणी, वेगळं उगवलेलं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. तरी आपल्याकडेही लोकं त्याला जातीचा आजार म्हणतात, सोयरीक मोडतात, पोरीला नावं ठेवतात. हार्मोनच्या ह्या संशोधनाचं उद्या तसं होऊ नये, कोणी उठून अमक्या समाजाचं हृदयच कमजोर असं बोलू नये, ह्याची मला खरंच काळजी वाटते.

सिकलसेलचा ह्या तपासणीशी सरळ संबंधही आहे. सिकलच्या पेशंटला रक्त कमी, हृदयाला जास्त धावावं लागतं, काहींच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत प्रेशर वाढतं. अशा पेशंटमध्ये एनटी-प्रोबीएनपी १६० च्या वर गेला तरी धोका वाढलेला दिसला, असं २००६ मधल्या अमेरिकेतल्या अभ्यासात आलं. अन् तातडीनं दम लागून आलेल्या साध्या पेशंटमध्ये ३०० च्या खाली असला तर हार्ट फेल्युअर बहुतेक नाही असं म्हणतात. म्हणजे २०० चा आकडा एकाला दिलासा अन् दुसऱ्याला इशारा. म्हणून लॅबवाल्याला नॉर्मल आहे का विचारून घरी जाऊ नका, सिकल आहे हे डॉक्टरला आधी सांगा.

आता आपल्या भारतीयांच्या हृदयाचं काय? आपल्याला पहिला हार्ट अटॅक लवकर येतो हे खरं आहे. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांचा अभ्यास झाला होता, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ निघालं अन् बाकीच्या देशांचं ५९ च्या आसपास. इथंही लोकं म्हणतील जनुकं. पण त्याच अभ्यासात तंबाखू, बीपी, शुगर, पोटाचा घेर, खराब कोलेस्टेरॉल, ताण, फळं-भाज्या न खाणं, हालचाल नसणं, दारू अशा नऊ गोष्टींतून पुरुषांचा ९० टक्के अन् बायांचा ९४ टक्के धोका समजावता आला, जगभर, सगळ्या वंशांत.

तरी शरीराची ठेवण वेगळी असते हेही तितकंच खरं, अन् ह्याचं सगळ्यात चांगलं काम आपल्या महाराष्ट्रातच झालं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी दाखवलं की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची जन्मतात, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी असतो तो स्नायू, चरबी मात्र तेवढी कमी नसते. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये त्यांनी अन् इंग्लंडच्या डॉ. युडकिन ह्यांनी स्वतःचाच फोटो मेडिकल साप्ताहिकात छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखा २२.३, पण एकाच्या अंगात ९.१ टक्के चरबी अन् याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आता मघाची चरबीची गोष्ट आठवा. चरबीच्या पेशींवर हे हृदयाचे हार्मोन पकडून संपवणारे रिसेप्टर असतात, अन् लठ्ठ माणसांत बीएनपी अन् एनटी-प्रोबीएनपी दोन्ही कमी दिसतात, हार्ट फेल्युअर असलं तरी. मग बीएमआय साधा पण पोट सुटलेलं अशा आपल्या माणसाचा आकडा वाचताना फक्त वजनकाट्याकडे पाहून कसं चालेल, पोटाचा घेरही पाह्यला पायजे असं मला वाटतं.

जनुकांचंही एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेचे थंगराज अन् सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की सुमारे ४ टक्के भारतीयांच्या एमवायबीपीसी३ नावाच्या जनुकात डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे अन् त्यांना पुढच्या वयात हृदयाचा स्नायू कमजोर व्हायचा धोका जास्त. हा बदल कोण्या एका जातीत किंवा धर्मात नाही, देशभरातल्या कितीतरी समाजांत पसरला आहे. अन् असला म्हणजे आजार होतोच असंही नाही.

गडचिरोलीत सर्च संस्थेनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा सगळ्यात जास्त मृत्यू लकव्यानं झालेले निघाले, दर सात मृत्यूंत एक. लकव्याचं सगळ्यात मोठं कारण बीपी. आपल्याला अजूनही वाटतं की बीपी-हार्ट हे शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचं दुखणं, वावरात राबणाऱ्याला काय होते! पण राबणाऱ्याच्या तोंडात सकाळपासून खर्रा असतो, त्यातल्या तंबाखूचं निकोटिन दर वेळी नाडी अन् बीपी वर नेतं. ताटात लोणचं, पापड, ठेचा, खारवलेली मिरची. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, सगळ्या जेवणात मिळून. हृदयाचा हार्मोन जास्त असो का कमी, रोज त्याच्या दुप्पट मीठ ओतलं तर किडनी तरी किती काढेल. आपल्याकडे बीपीची गोळी पंधरा दिवस घेतात, बरं वाटलं की बंद करतात, अन् मंग एकदम लकवाच. उपकेंद्रात बीपी फुकट मोजतात, तिशीनंतर प्रत्येकानं मोजून घ्यावा, एवढ्यासाठी रांगेत उभं राहणं परवडतं.

रिपोर्टबद्दल जे सांगायचं राहिलं ते सांगतो. वय वाढलं की हा आकडा आपोआप वाढतो, म्हणून तातडीच्या पेशंटमध्ये हार्ट फेल्युअर पक्कं म्हणायला पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंच्याहत्तर ९०० अन् त्याच्या वर १८०० असे वेगवेगळे आकडे धरतात. बायांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा जास्त असतो. किडनी खराब असली की वाढतो, हृदयाची लय बिघडली की वाढतो, लठ्ठपणात कमी होतो. वंशाचा फरक ह्या सगळ्यांतला एक, अन् रिगार्ड्ससारख्या पाहणीत दिसलं की आकडा मुळात कमी असला तरी तो वाढलेला असणं कृष्णवर्णीय अन् गोऱ्या दोघांनाही सारखंच धोक्याचं. म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करण्यापेक्षा आपलाच जुना रिपोर्ट जपून ठेवा, सहा महिन्यांपूर्वी ४०० होता अन् आता १२०० झाला हे डॉक्टरला जास्त सांगून जातं.

औषधाचीही एक गोष्ट ह्याच हार्मोनवरून निघाली आहे. नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम हे हार्मोन मोडून टाकतं, त्याला अडवणारी सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन ही गोळी २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, हृदय कमजोर झालेल्या पेशंटना तिनं चांगला फायदा होतो. आधी लय महाग होती, २०२३ मध्ये पेटंट संपलं अन् आपल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, त्यामुळे पैशापायी जुनी गोळी सुरू असेल तर डॉक्टरला परत एकदा विचारून पाहा. ही गोळी सुरू असताना बीएनपी गोळीमुळेच वाढू शकतो, घाबरायचं काम नाही, तेव्हा एनटी-प्रोबीएनपीच करायचा. गोळी घेऊन ओठ-जीभ सुजली तर लगेच दवाखाना गाठा, अशी सूज आफ्रिकी वंशाच्या लोकांत जास्त दिसली पण ती कोणालाही येऊ शकते. अन् एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लघवीच्या गोळीचा डोस अन् पाणी किती प्यायचं हे डॉक्टरला विचारून घ्या, आपल्या मनानं गोळी बंद करू नका अन् पाणीही तोडू नका.

डॉक्टरकडे जाताना जुने सगळे रिपोर्ट, क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) आकडा, सुरू असलेल्या गोळ्यांची पट्टी अन् सिकलचं कार्ड असेल तर तेही पिशवीत टाका. किती उशा घेऊन झोपावं लागतं, वजन आठ दिवसांत किती वाढलं, हे घरच्यांनी लिहून नेलं तर डॉक्टरला त्या आकड्याचा अर्थ लावता येतो.